देवाच्या वाट्याचं पाणी

भट्टीला आग घातली त्याच दिवशी म्हातारी अंथरुणाला खिळली.

सकाळी ती पदर खोचून मातीच्या पाट्या टाकत होती. लाकडं उभी रचून झाली होती, त्यांच्यावर पाचोळ्याचा जाड थर बसला होता आणि आता वरून मातीचं पांघरूण चढत होतं. आत हवा गेली की लाकडाची राख होते. हवा कोंडली की कोळसा. सगळी विद्या एवढीच, पण ती करता करता माणसाची पाठ मोडते. मुलगा शिडीवर बसून माती थापत होता.

"आई, तू नको. ही येईल आता."

"ती पोरीला पाजतेय. तिचं होईस्तोवर टाकते चार पाट्या. बसून काय अंडी घालू?"

पुढची पाटी उचलताना तिच्या कमरेत कळ आली. ती तिथंच ढिगावर बसली, आणि मग तिला उठता येईना. मुलानं तिला उचलून खोपटात आणलं. उचलताना तो जरा दचकलाच. आईत काही वजन उरलं नव्हतं. वाळलेल्या काटक्यांची मोळी उचलावी तशी ती हाताला लागली.

सुनेनं तेल कोमट करून कंबर चोळली. म्हातारी डोळे मिटून पडून राहिली. पण दिवस कलला तशी ती कोपरावर रेटा देऊन उठायला बघू लागली.

"आता कुठं निघालात?"

"देवाची आंघोळ राहिलीय."

टेकाडाच्या पलीकडे, एका झाडाखाली, गुडघ्याएवढा एक दगड होता. त्याला डोळे नव्हते की तोंड नव्हतं. तो देव आहे हे म्हातारी म्हणायची, म्हणून कोळशाच्या तळावरची माणसं म्हणायची. रोज दिवस कलताना ती तांब्याभर पाणी घेऊन जायची, दगडावर ओतायची आणि परत येऊन मग दिवसाचा पहिला घास घ्यायची. सून लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून तिनं यात खंड पडलेला पाहिला नव्हता. ताप असो, अंगावर पाऊस असो, म्हातारी जाऊन यायचीच. तिथं जाऊन ती काही पुटपुटायची नाही, काही मागायची नाही. गेली, ओतलं, आली.

"आज राहू दे की आई. देव काय पळून जातोय?"

"तो नाही जायचा. पण माझ्या घशाखाली घास जायचा नाही."

सुनेचं पहिलं मूल तापानं गेलं होतं. त्यानंतर तिनं हात जोडणं सोडून दिलं होतं, आणि म्हातारीनं तिला कधी जोडायलाही लावलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी ती सासूला मनातून मानायची.

"मी जाऊन येते," ती म्हणाली. "तुम्ही पडा."

म्हातारीनं तिच्याकडे बघितलं. "सगळं एकदम ओतू नको. सावकाश ओत. वरून खालपर्यंत भिजला पाहिजे."

सून गेली. सावकाश ओतलं. दगड इतका तापलेला होता की पाणी खालपर्यंत पोचायच्या आधीच वरचा भाग कोरडा पडायला लागला. ती बघत उभी राहिली. हे पाणी तिनं सकाळी नदीच्या पात्रात गुडघे टेकून, वाळूत खणलेल्या खड्ड्यातून वाटीवाटीनं काढलं होतं. एक वाटी निघाली की पुढच्या वाटीची वाट बघत बसायचं. तेवढं पाणी तिच्या डोळ्यांदेखत नाहीसं झालं.

परत आल्यावर तिनं म्हातारीला मऊ भात भरवला. म्हातारी जेवली.

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तांब्या घेऊन निघताना सुनेला भट्टीच्या अंगाला एक भेग दिसली. भेगेतून धूर येत होता, आणि तो पांढरा नव्हता, पिवळट होता. तिनं तांब्या खाली ठेवला आणि ओंजळीनं कोरडी माती टाकली. माती घसरून खाली आली. पुन्हा टाकली, पुन्हा आली. या उन्हाळ्यात मातीत काही दमच नव्हता. राखेसारखी भुरभुरत होती.

नवरा खोपटाच्या सावलीत झोपला होता. भट्टीला रात्रभर जागावं लागतं, म्हणून तो दिवस मावळायच्या आधी थोडा डोळा लावायचा. 'ही माझी थोरली बायको,' असं तो भट्टीला म्हणायचा. 'तू रुसलीस तर दोन दिवसांनी बोलशील. ही रुसली तर घरदार खाईल.' तो तोंड उघडं टाकून झोपला होता. डोळ्यांच्या कडांना काळं साचलं होतं. त्याला उठवायचं तिच्या जिवावर आलं.

तांब्या तिच्यापुढंच होता.

तिनं थोडं पाणी मातीत घातलं, चिखल केला आणि भेगेवर लिंपला. चिखल बसला. धूर थांबला. तिला एवढं बरं वाटलं की तिनं उरलेलं पाणीही मातीत घातलं आणि आजूबाजूच्या बारीक भेगाही लिंपून टाकल्या. हाताला आतली धग लागत होती. लेप बघता बघता सुकून कडक झाला. तिनं वरून थापटून बघितलं. भिंतीसारखा आवाज आला.

मग रिकामा तांब्या घेऊन ती खोपटात आली.

"घातलीस?" म्हातारीनं विचारलं.

"हो."

"सावकाश?"

"सावकाश."

"झाडाला पान आहे का गं अजून?"

सुनेनं आदल्या दिवशी झाडाकडे बघितलंच नव्हतं. "आहे थोडं," ती म्हणाली आणि ताटली पुढं ओढली. पहिला घास तिनं घाईत फार मोठा केला. दुसरा नीट केला.

पुढं रोज तसंच होत गेलं. भट्टी रोज नवीन ठिकाणी तडकायची आणि ती रोज देवाचं पाणी घेऊन निघायची. वर भेग असली की शिडीवर चढून लिंपायची, आणि लेप दिसू नये म्हणून त्यावर कोरडी माती टाकायची. टेकाडापर्यंत जाणं तिनं सोडूनच दिलं. तिच्या मनात हिशेब सरळ होता. हा माल निघाला तर पुढच्या तोडीचं लाकूड मुकादम त्यांनाच देणार होता. राख झाली, तर हा तळ सोडावा लागणार होता. आणि म्हातारीच्या पोटात चार घास जायला हवे होते. एका तांब्यात दोन्ही होत होतं. देवाला काय, दगडाला तहान नसते.

म्हातारी रोज काहीतरी विचारायची, आणि सून रोज काहीतरी सांगायची. एकदा म्हणाली, पाखरू बसलं होतं. एकदा म्हणाली, पायथ्याशी गवताची काडी हिरवी दिसली. म्हातारी ऐकून हसायची. "पाणी रोज पडतंय ना, त्यानं हिरवी राहिली असेल," असं म्हणायची. हे ऐकताना सुनेला ताटलीकडे बघत राहावं लागायचं.

*

भट्टीचा धूर पातळ होऊन निळसर झाला तेव्हा मुलगा खूश झाला. आता दोनेक दिवस, मग धुराची भोकं बुजवायची, भट्टी निवू द्यायची.

त्या दिवशी ऊन कलायला लागलं होतं. सून तांब्या भरून खोपटाबाहेर आली, तेव्हा तो भट्टीवर शिडी आडवी टाकून चढला होता. भट्टीवर कधी सरळ पाय द्यायचा नसतो. आतलं लाकूड बसत जातं, तसं वरची माती खचते, खळगा पडतो, आणि खळगा दिसला की कळतं, इथं आत पोकळ आहे. तो खळगा भरायचा आणि पुढं सरकायचं. मुलगा हातातल्या काठीनं ठोकत ठोकत चालला होता. शिडीच्या टोकापाशी एका जागी खळगा नव्हता. माती सपाट आणि घट्ट होती. त्यानं काठी आपटली. भिंतीसारखा आवाज आला.

"इथं बरी बसलीय," तो वरून म्हणाला आणि शिडीवरून उतरून त्यानं तिथं पाय दिला.

पापड मोडावा तसा आवाज झाला. त्याचा उजवा पाय मांडीपर्यंत आत गेला.

तो ओरडला ते ओरडणं सुनेला पुढं कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं. शेजारच्या भट्टीवरचा माणूस धावला. त्याची बायको धावली. तळावर तिला सगळे भिंगरी म्हणायचे, कारण ती कधी एका जागी ठरत नसे. दोघा-तिघांनी मिळून त्याला ओढून काढलं आणि खाली मातीत निजवलं. पायाची कातडी मोज्यासारखी सुटून आली होती.

"पाणी," तो म्हणाला. "पाणी दे."

सुनेच्या हातात तांब्या होताच. तिनं अर्धा पायावर ओतला.

"पाजू नको," भिंगरी म्हणाली. "भाजलेल्याला पाणी देऊ नये. आत गेलं की माणूस जातो."

"तो मागतोय."

"मागतच असतात गं. ऐक माझं, दे तो तांब्या इकडे."

सुनेनं तिचा हात झटकला, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि उरलेलं पाणी त्याला पाजलं. तो शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.

मागं भट्टीला पडलेल्या भगदाडातून आधी धूर आला, मग जाळ. माणसं मातीच्या पाट्या घेऊन धावली, पण एवढ्या मोठ्या तोंडाला एवढी भुरभुरीत माती पुरेना. कुणाला धड सुनेकडे बघायलाही वेळ नव्हता. भगदाडाच्या कडेला कडक लेपाचे तुकडे लोंबत होते. शेजाऱ्यानं त्यातला एक हातात घेऊन उलटा केला. आतून तो भाजून विटेसारखा लाल झाला होता.

"हे लिंपलं कुणी?" तो म्हणाला. "भट्टी लिंपतं का कुणी? खचायचं ते खचू द्यावं लागतं. वरून पापुद्रा धरला आणि खाली सगळं पोकळ."

सून नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या नखांत तोच चिखल होता.

*

दवाखान्यात पायाला पट्ट्या बांधल्या, आणि जखम रोज उकळून निवलेल्या पाण्यानं धुवायची, ओली ठेवायची नाही, असं सांगून घरी पाठवलं. पाय राहील की नाही हे नंतर बघू म्हणाले. आता खोपटात दोन अंथरुणं झाली. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला मुलगा, मध्ये पाळण्यात पोर.

मुकादम आला तो आधी भट्टीकडे गेला. राखेत त्यानं बुटाचं टोक खुपसून बघितलं. मग बूट झाडत खोपटाच्या दाराशी उभा राहिला. आत आला नाही.

"काय रे, मूठभरसुद्धा माल नाही?"

"नाही," मुलगा पडल्या पडल्या म्हणाला.

"पुढच्या तोडीला मला दुसरं कुणी बघावं लागेल. तुला आता जमणार नाही."

"पाय बरा झाला की..."

"बरा झाला की ये की. मी कुठं नाही म्हणतोय?" त्यानं पाळण्याकडे बघितलं, काहीतरी चांगलं बोलावं असं त्याच्या मनात आलं असावं. "पोरगी बापावर गेलीय," एवढं म्हणून तो गेला.

मुलगा खोपटाच्या छपराकडे बघत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "बापावर गेली तर लंगडेल की."

म्हातारी पडल्या जागी हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानात गेलं. ते पुसायला तिचा हात पोचेना.

त्या संध्याकाळी भिंगरी आली. हातात थोडं दूध होतं. पण दूध खाली ठेवल्यावरही ती निघेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मावशी, रागावू नका. तुमच्या पोरावर वेळ आली म्हणून मी म्हटलं, मीच जाऊन देवाच्या पाया पडून येते. जाऊन आले आत्ता."

"चांगलं केलंस."

"देवावर धुळीचा थर आहे मावशी. कोळ्यानं जाळं केलंय. कितीतरी दिवसांत तिथं पाणी पडलेलं नाही. झाडाला एक पान नाही, आणि तुम्ही तर परवा मला हिरव्या काडीचं सांगत होतात." तिनं सुनेकडे बघितलं नाही. "नेम मोडला मावशी. म्हणून हे झालं. मी काही कुणाला बोलत नाही. पण मोडला."

भिंगरी गेली. पोर रडायला लागलं, सुनेनं ते उचललं नाही. नवऱ्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं.

"ये इकडं," म्हातारी म्हणाली.

सून तिच्या अंथरुणाशी जाऊन बसली.

"पहिल्या दिवशी तरी गेली होतीस?"

"पहिल्या दिवशी गेले होते."

"मग?"

"भट्टीला लिंपलं," सून म्हणाली. "रोज. मला वाटलं, टिकेल. यांचा पाय माझ्या लेपावर पडला, आई. देवाबिवानं काही नाही केलं. मी केलं."

खोपटात फक्त पोराचं रडणं होतं. नवऱ्यानं डोळे मिटून घेतले होते. तो चार शब्द बोलला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"पोरीला घे," म्हातारी म्हणाली. "पदराखाली घे आणि बस."

सुनेनं पोर घेतलं.

"त्याच्या पायावर पाणी ओतलंस तू?"

"ओतलं."

"आणि पाजलंस?"

"पाजलं. भिंगरी नको म्हणत होती."

"नकोच म्हणतात." म्हातारीनं छपराकडे बघितलं. "थोरला भट्टीत गेला तेव्हा मी पण तांब्या घेऊन पळत आले होते. तो मागत होता. जाणती माणसं होती भोवती. म्हणाली, देऊ नको, पोर हातचं जाईल. तांब्या माझ्या हातातून काढून घेतला. दिवस मावळेपर्यंत तो मागत होता. नीट बोलता येत नव्हतं, तरी मागत होता. मग थांबला."

थोरला दीर भट्टीत गेला एवढं सुनेला माहीत होतं. त्या घरात त्याबद्दल याहून जास्त कुणी बोलत नसे.

"त्याला मूठमाती देऊन आले, तर तांब्या तसाच भरलेला. कुणी प्यालं नव्हतं, कुणी सांडलं नव्हतं. मला तो बघवेना. म्हणून उचलला आणि टेकाडापलीकडं फेकायला गेले. तिथं तो दगड होता. हात लावला तर नुसता तापलेला. त्याच्या अंगाला हात लावल्यावर लागला होता तसा. मग मी ओतलं. सगळं ओतलं. तेव्हापासून जाते."

"मला वाटायचं, यांना राखावं म्हणून जाता."

"सगळ्यांना तसंच वाटतं. मीही कुणाला सांगितलं नाही. देव राखणारा असता तर दोघांनाही राखता. राखण मागायला मी कधी गेले नाही, पोरी."

सून रडत नव्हती. पोर दूध पिता पिता झोपलं होतं, तरी ती त्याला धरून बसली होती.

"मी एवढे दिवस जेवले," म्हातारी म्हणाली, "आणि तो कोरडाच होता. ते मला लागलं. लेपाचं नाही. माल जातो, पाय जातो. पण तू मला पाखरू सांगितलंस, काडी सांगितलीस, आणि मी इथं पडून ती बघत होते."

"आता रोज जाईन. खरंच जाईन."

"जा. आणि आलीस की बघितलं असेल तेच सांग. पाणी पडलं तर पडलं म्हण. नाही पडलं तर नाही म्हण. गोड करून सांगू नको."

"आणि नाही पडलं तर?"

"तर माझं मी बघेन."

*

सून जाऊ लागली. पहिल्या दिवशी तिनं कोळ्याचं जाळं काढलं, धूळ पदरानं झाडली, आणि सावकाश ओतलं. परत येऊन सांगितलं, "झाडाला पान नाही. मुंग्या होत्या. पाणी पडल्यावर पळाल्या. एक बुडाली." म्हातारीनं ऐकलं आणि तोंड उघडलं.

दुसऱ्या दिवशी सांगितलं, "तांब्या वाटेत हिंदकळला. पाऊणच उरला होता. खालचा भाग भिजला नाही." म्हातारी म्हणाली, "बरं." जेवली, पण अर्धंच. सुनेनं तिला पुढं आग्रह केला नाही.

नवऱ्याशी तिचं बोलणं पाण्यापुरतं आणि पट्टीपुरतं चालायचं. पट्टी सोडताना तो दात दाबून धरायचा. एकदा तो म्हणाला, "तुझा लेप चांगला होता. एवढा घट्ट मलासुद्धा जमला नसता." तो टोमणा होता की मायेनं म्हणाला, हे तिला कळलं नाही. तिनं विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी बांधताना त्यानं तिच्या खांद्यावर हाताचा भार दिला, आणि बांधून झाल्यावरही हात तसाच राहू दिला.

नदीतला खड्डा रोज खोल जात होता. आधी वाटीनं पाणी यायचं, मग वाटी तिरकी धरावी लागू लागली, मग फडकं बुडवून पिळावं लागू लागलं. तळावरच्या सगळ्या बायका तोंड न उघडता रांगेत बसायच्या. भिंगरीसुद्धा गप्प बसायची. एक दिवस तिनं आपली पाळी सुनेला दिली. "घे. तुझ्याकडं दोघं पडलेले आहेत," एवढंच म्हणाली, आणि सुनेच्या मागं जाऊन बसली.

आणि मग एका दुपारी खड्ड्याच्या तळाशी नुसती ओली वाळू उरली. सुनेनं फडकं दाबलं, पिळलं. फडक्यातून काही आलं नाही.

घरी घागरीच्या बुडाशी थोडं पाणी होतं. त्यातलं तिनं उकळून जखमेसाठी ठेवलं. थोडं ती स्वतः प्याली, कारण तिच्या पोटात गेल्याशिवाय पोरीच्या पोटात जाणार नव्हतं. थोडं सासूला दिलं. दिवस कलला तेव्हा तांब्या रिकामा होता. उकळून ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यावर झाकण होतं. ती त्या झाकणाकडे बघत उभी राहिली. नवरा तिच्याकडे बघत होता.

"ने त्यातलं," तो हळूच म्हणाला. "उद्या धू."

"दवाखान्यात काय सांगितलंय? एक दिवस चुकला तर पाय जाईल म्हणाले."

"मग ओतलं म्हणून सांग तिला. तिला कुठं दिसतंय? दोन दिवस झाले, धड खाल्लेलं नाही तिनं."

सुनेनं रिकामा तांब्या उचलला आणि ती बाहेर पडली.

टेकाड चढताना पायांखालची माती तापलेली होती. राखेच्या ढिगावरून वारा आला, तो तोंडात कडू लागला. मुंग्यासुद्धा नव्हत्या आज. ती दगडासमोर गुडघे टेकून बसली. तांब्या शेजारी ठेवला. काय करायचं ते तिला कळेना. हात जोडायची सवय मोडली होती, आणि आज जोडले असते तर ते आणखी एक खोटं झालं असतं.

तिनं उजवा तळहात दगडावर ठेवला.

चटका बसला. तिनं हात उचलला नाही. भट्टी लिंपून तळहाताची कातडी आधीच सोललेली होती. त्यातून कळ कोपरापर्यंत आली. न बघितलेला दीर तिच्या डोळ्यांपुढं आला नाही. गेलेलं मूल आलं. तापानं फणफणलेलं, हात लावू न देणारं. ती तशीच बसून राहिली, झाडाच्या बुंध्याची सावली दगडावरून सरकून तिच्या गुडघ्यांवर येईपर्यंत. मग उठली.

खोपटात आल्यावर तिनं तांब्या आवाज न करता ठेवला. सकाळचा भात कालवून सासूच्या उशाशी आणला. म्हातारीचे ओठ पांढरे पडले होते. डोळे मात्र दाराकडेच होते.

"गेली होतीस?"

नवऱ्यानं मान वळवली. त्याच्या डोळ्यांत सरळ लिहिलेलं होतं, हो म्हण.

"गेले होते," सून म्हणाली. "पाणी नव्हतं. खड्डा आटला. काही ओतलं नाही, आई."

म्हातारीची नजर दारावरून सुनेच्या तोंडाकडे आली.

"नुसता हात ठेवून बसले. दगड तापला होता."

"किती?"

सुनेनं तळहात उघडून दाखवला. मधोमध पाणी भरलेला फोड आला होता. बोटं मिटत नव्हती.

म्हातारीनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला. मग त्यावर हळूहळू फुंकर घातली. तिच्यात श्वास फार नव्हता. मधेमधे थांबावं लागत होतं.

"तू जेवलीस?"

"नाही."

"सकाळपासून?"

"तुम्ही आधी..."

"मी आज नाही. ते सोड." तिनं ताटलीकडे हात नेला. "ह्या हातानं कशी जेवशील तू? जवळ सरक."

"आई, तुम्ही खा. तुमच्या पाया पडते. यांच्यासाठी तरी."

"सरक म्हटलं ना. पोरगी उठेल आता दुधाला. मग काय देणारेस तिला, राख?"

सून सरकली. म्हातारीनं कोपर टेकून अंग जरासं उचललं. मुलानं पलीकडून हात लांब करून तिच्या पाठीला आधार दिला; तेवढा हात तिथपर्यंत पोचत होता. तिनं चार बोटांनी भात गोळा केला. शितं खाली पडत होती. ती तिनं पुन्हा वेचून घासात घेतली. सुनेनं तोंड उघडलं. घास तोंडात गेला, पण गिळता येईना.

"सावकाश," म्हातारी म्हणाली. "सगळं एकदम नको."

ती थांबली. सुनेचा घास खाली उतरेपर्यंत तिच्या गळ्याकडे बघत राहिली. मग तिनं दुसरा घास करायला घेतला.